टेकडीवर बीगल हाकेला येत नाही: मोकळा सोडावा का, आणि नाही तर काय करावं

पावसाळा सरत आला, टेकड्यांवर गवत गुडघ्याला लागलं की ही तक्रार दरवर्षी नव्याने कानावर येते. घरात शहाण्यासारखा वागणारा, सोसायटीच्या आवारात एका हाकेला धावत येणारा बीगल, म्हणजे वासावर माग काढणाऱ्या जातीचा कुत्रा, पुण्याच्या वेताळ टेकडीवर नेला, लीश काढली, की पहिली काही मिनिटं पायापायात घुटमळतो. मग एखाद्या झुडपापाशी थबकतो. त्यानंतर घसा फोडून ओरडलं तरी मागे वळून बघत नाही. तासाभराने भलत्याच वाटेवर सापडतो, जीभ लोंबतेय, कानांत कुसळं, पोटाला चिखल. घरी आणून आंघोळ, शिक्षा म्हणून आठवडाभर फक्त सोसायटीभोवती फेऱ्या, आणि पुढच्या रविवारी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. डॅशहंड आणि बॅसेट हाउंड पाळणाऱ्यांचंही हेच. पाय आखूड म्हणून ते जरा जवळ सापडतात, एवढाच फरक.

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. वासामागे जाणाऱ्या जातीचा कुत्रा पुण्यात कुंपण नसलेल्या जागी मोकळा सोडू नये. हाकेची तयारी कितीही पक्की असो, वय कितीही असो, नसबंदी झालेली असो वा नसो. पण म्हणून त्याला जन्मभर दीड मीटरच्या लीशवर पार्किंगमध्ये फिरवत ठेवायचं, हाही उपाय नव्हे. त्या कुत्र्यावर तो अन्यायच आहे, आणि कोंडलेली हौस तो दार उघडं सापडेल त्या दिवशी भरून काढतो. या दोन टोकांच्या मधे करण्यासारखं पुष्कळ आहे.

कारवान, मुधोळ, पश्मी हे आपल्याकडचे शिकारी कुत्रे नजरेवर धावतात. ससा दिसला की सुटतात, दिसेनासा झाला की बरेचदा थांबतात. त्यांचा प्रश्न वेगळा, त्यांना इथे मिसळू नका. बीगलला ससा दिसावाच लागत नाही. तो पहाटे तिथून गेला होता, एवढं पुरतं.

बिघाड नेमका कुठल्या क्षणी होतो

"पळायला लागला तेव्हा हाक मारली, पण आला नाही," असं बहुतेक जण सांगतात. तोवर उशीर झालेला असतो. पळण्याच्या आधी काही सेकंदांचा एक टप्पा असतो, आणि करायचं ते तिथेच करावं लागतं.

१९९३ साली नॉर्वेतल्या संशोधकांनी माग काढायला शिकवलेल्या जर्मन शेफर्ड कुत्र्यांच्या हालचाली बारकाईने टिपल्या होत्या. माणूस चालून गेलेल्या रेषेवर कुत्र्याला आडवं आणलं की तो आधी शोधाशोध करायचा, रेष सापडली की वेग कमी करून काही ठसे हुंगायचा, माणूस कुठल्या बाजूला गेला ते ठरवायचा आणि मग झपाट्याने निघायचा. मधल्या त्या ठरवण्याला तीन ते पाच सेकंद लागायचे, आणि ठसे जास्तीत जास्त पाचेक. शेफर्ड ही काही खास वासासाठी घडवलेली जात नव्हे, तरी ही गत.

हे तीन ते पाच सेकंद टेकडीवर कसे दिसतात ते एकदा लक्ष देऊन पाहा. एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या बाजूने वर येऊन ग्लिरिसिडियाच्या झाडीतल्या पायवाटेला लागलात. कुत्रा नुसता हुंगत चाललाय तेव्हा शेपूट सैल हलत असते, नाक या गवताच्या बुंध्यावरून त्या बुंध्यावर जातं आणि मधूनमधून तो मान वर करून तुमच्याकडे बघतो. हे सगळं ठीक. मग एका जागेवरून तो पुढे जातो आणि झटक्यात मागे वळतो. मान आधी वळते, धड नंतर. नाक पुन्हा त्याच जागी. शेपटीचा झोका थांबतो, फक्त पांढरं टोक भराभर थरथरतं. कानांच्या पाळ्या जमिनीला टेकतात. श्वासाचा आवाज बदलतो, आधी नीट ऐकूही न येणारं हुंगणं आता फुसफुस असं दोन पावलांवरून ऐकू येतं. दोन पावलं डावीकडे, परत, दोन पावलं उजवीकडे. तो दिशा ठरवतोय. ठरली की डोकं अजून खाली जातं, शेपूट ताठ वर होते आणि तो निघतो. पाच-पन्नास पावलांवर भुंकण्याचा तो लांबलचक सूर लागतो, बीगलवाल्यांना सांगायला नको. तो सूर लागल्यावर तुमचा घसा वाया.

म्हणून हाक मारायची ती मान झटक्यात वळते त्या क्षणी. सूर लागल्यावर नाही, पळाल्यावर नाही, मोबाइलमधून डोकं वर काढल्यावर तर नाहीच. या एका बदलाने हाकेला येण्याचं प्रमाण डोळ्यांना जाणवण्याइतकं सुधारतं, हे मी अनेकांच्या कुत्र्यांबाबत पाहिलं आहे. पण सुधारतं म्हणजे भरवसा ठेवण्याइतकं होतं असं नव्हे. इथेच लोक फसतात.

भरवसा का ठेवता येत नाही, त्याचं कारण या जातीच्या कामात आहे. लॅब्रॅडॉरला घडवलं ते पडलेला पक्षी उचलून माणसाच्या हातात आणून देण्यासाठी. त्याचं काम माणसापाशी येऊन संपतं. बीगल इंग्लंडात सशाच्या शिकारीसाठी घडला. कळप पुढे, माणसं मागून पायी. कुत्र्याने माग सोडायचा नाही, माणसाकडे बघत थांबायचं नाही, आणि आपण कुठे आहोत ते आवाजाने कळवत राहायचं. पिढ्यान्‌पिढ्या याच गुणांसाठी निवड झाली. तुमचा कुत्रा तुमची हाक धुडकावून जातो तेव्हा तो हट्टीपणा करत नसतो. ज्या कामासाठी त्याची जात बनली, ते तो चोख करत असतो. त्यातून माग काढणं हेच त्याचं बक्षीस असतं. ससा कधीच हाती लागला नाही तरी दर पावलाला त्याला मोबदला मिळतोय. तुमच्या हातातल्या बिस्किटाची स्पर्धा याच्याशी आहे.

नाकाची ताकद सांगायला अमेरिकेतल्या जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या संशोधकांचा एक प्रयोग नेहमी दिला जातो. एक एकराच्या मैदानात एक उंदीर सोडला. बीगल्सनी तो मिनिटभरात शोधला, फॉक्स टेरियर्सना पंधरा मिनिटं लागली, स्कॉटिश टेरियर्सना तो सापडलाच नाही. आता वेताळ टेकडीवर, तळजाईवर, पाषाण तलावाच्या काठी मुंगूस, ससे, मोर, तित्तिर यांचे किती माग एकमेकांवरून गेलेले असतील याचा विचार करा.

हवेचाही यात मोठा हात असतो. दमट जमीन आणि गार, स्थिर हवा यांत वास टिकून राहतो. कोरड्या, तापलेल्या जमिनीवरून तो लवकर विरतो. म्हणून मे महिन्यात "आता सुधारला हो" असं वाटणारा कुत्रा जुलैत पुन्हा हाताबाहेर जातो, आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या दव पडलेल्या सकाळी तर विचारूच नका. प्रशिक्षण वाया गेलेलं नसतं, परीक्षा अवघड झालेली असते. नवीन तयारी मार्च ते मेच्या मोसमात सुरू करा, सकाळी लवकर, ऊन तापायच्या आत.

"घरात येतो, टेकडीवर येत नाही"

सगळ्यांत जास्त वेळा ऐकू येणारी तक्रार. घरातली हाक आणि टेकडीवरची हाक या कुत्र्याच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मधल्या पायऱ्या आपण गाळलेल्या असतात. हॉलमधून थेट टेकडी, असं होत नाही. घर, मग जिना, मग पार्किंग, मग सोसायटीची बाग दुपारच्या सामसुमीत, मग तीच बाग संध्याकाळी पोरं खेळत असताना, मग एखादं मोकळं मैदान, आणि सर्वांत शेवटी टेकडी. प्रत्येक ठिकाणी दहापैकी नऊ वेळा पहिल्याच हाकेला आला तर पुढची पायरी. नाही आला तर एक पायरी मागे. यात कमीपणा काही नाही.

हाक कुठली, यावर थोडं थांबते. नाव वापरू नका. नाव आपण दिवसभरात शंभरदा घेतो, लाडाने घेतो, रागावून घेतो, फोनवर आईला त्याच्याबद्दल सांगताना घेतो. त्याला आता काही अर्थ उरलेला नसतो. एक वेगळा शब्द किंवा शिट्टी ठेवा, आणि ती फक्त याच कामासाठी. शिट्टी चांगली, कारण आपला आवाज घाबरला की बदलतो, शिट्टीचा बदलत नाही. एक अडचण पुण्यात हमखास येते: सोसायटीचा सिक्युरिटीवाला गाडी मागे घेताना शिट्टी वाजवतो, चौकात ट्रॅफिक पोलिस वाजवतात. कुत्र्याच्या कानावर दिवसभर शिट्ट्या पडतात आणि त्यांमागून काहीच येत नाही. म्हणून नुसता लांब सूर नको, तीन तुटक फुंकी असा ठरलेला ठोका ठेवा. घरातल्या सगळ्यांनी तोच वाजवायचा.

हाक एकदाच. दोन-तीन सेकंदांत हालचाल नाही तर पुन्हा पुन्हा वाजवू नका. लांब दोरीच्या (तिच्याबद्दल पुढे येतंच) आधाराने त्याच्याजवळ जा, नाकासमोर खाऊ धरून त्याला वळवा, आणि पुढची हाक सोप्या ठिकाणी मारा. सहाव्या हाकेला येणारा कुत्रा हे शिकतो की सहावी हाक खरी असते.

"जवळ येतो, पण हातभर अंतरावर थांबून पुन्हा पळतो"

याचं कारण बहुतेक वेळा एकच. हाकेला आला की लीश लागते आणि फिरणं संपतं, हे त्याला कळलंय. उपाय सोपा आहे, पण रोज करावा लागतो. फिरण्यात हाक मारून बोलवा, हार्नेसला, म्हणजे छाती-पाठीवरून बसणाऱ्या पट्ट्याला, हात लावा, खाऊ द्या, आणि "जा" म्हणून पुन्हा हुंगायला सोडा. बोलावण्याच्या दहा वेळांपैकी आठ-नऊ वेळा असं झालं पाहिजे. पुन्हा हुंगायला मिळणं हे या जातीला खाऊपेक्षाही मोठं बक्षीस आहे, ते फुकट हातात असताना लोक वापरत नाहीत याचं मला वाईट वाटतं. घरी निघायच्या वेळी मात्र हाक मारूच नका, चालत जाऊन दोरी हातात घ्या.

आणि उशिरा आला म्हणून रागवायचं नाही. एक चापट मारली तर तिची सांगड तो पळण्याशी घालत नाही, तुमच्याजवळ येण्याशी घालतो.

"खाऊ दाखवला तरी ढुंकून बघत नाही"

दुकानातलं कोरडं बिस्किट घरात चालतं. टेकडीवर त्याला वासच पुरत नाही. उकडलेल्या चिकनच्या कलेजीचे नखाएवढे तुकडे, उकडलेलं अंडं, आणि माझी पहिली पसंती म्हणजे सुके बोंबील. मीठ न लावलेले, फक्त वाळवलेले घ्यायचे, तव्यावर कोरडे शेकून तुकडे करायचे. पिशवी उघडल्याबरोबर दहा पावलांवरचा बीगल मान वर करतो. शाकाहारी घरात पनीर किंवा चीजचा तुकडा. मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा घातलेलं काहीही नको, ती कुत्र्याला विषारी आहेत. आणि हा खास खाऊ घरात कधीही द्यायचा नाही, फक्त बाहेरच्या हाकेला.

तरीही तोंड फिरवत असेल तर तुम्ही मागाच्या फार जवळ उभे आहात. वीस-तीस पावलं लांब जा आणि तिथून सुरुवात करा.

लांब दोरी

सगळ्या उपायांत खरं काम करणारी वस्तू हीच आहे. कुत्र्याला धावायला, हुंगायला, आडवंतिडवं जायला मिळतं आणि शेवटचा निर्णय तुमच्या हातात राहतो.

सुरुवातीला दहा मीटर, सराव झाल्यावर उघड्या माळावर पंधरा. गोल दोरखंड नको, बोटाएवढ्या रुंदीची चपटी नायलॉन पट्टी घ्या. तयार मिळते, नाहीतर रविवार पेठेत बोहरी आळीत मीटरवर पट्टी घेऊन बॅगा शिवणाऱ्याकडून एका टोकाला फिरकीचा पितळी हुक शिवून घेता येतो. टाके दुहेरी, आडवे-उभे घालून घ्या आणि दर महिन्याला ओढून पाहा. दुसऱ्या टोकाला हाताचा फास ठेवू नका. दोरी हातातून सुटून जमिनीवरून घसरत गेली तर तो फास पहिल्याच खुंटात अडकतो आणि कुत्रा नजरेआड कुठेतरी जखडून बसतो. रंग भगवा किंवा पिवळा, गवतात दिसावा म्हणून. पावसात नायलॉन पाणी पिऊन जड होतं. बारमाही फिरणाऱ्यांनी प्लॅस्टिकचा लेप असलेली पट्टी घेतलेली बरी.

दोरी हार्नेसच्या पाठीवरच्या कडीला लावायची, गळ्यातल्या पट्ट्याला कधीच नाही. दहा-अकरा किलोचा बीगल पूर्ण वेगात दहा मीटरच्या टोकाला पोचला की बसणारा हिसका मानेवर येता कामा नये. हार्नेस छातीवर इंग्रजी वाय अक्षरासारखा बसणारा घ्या, खांदे मोकळे राहतात. हातात सायकलचे किंवा बागकामाचे हातमोजे घाला, सरकत्या नायलॉनने तळहात भाजतो. दोरी हाताला गुंडाळायची नाही, घड्या घालून धरायची. सुटलीच तर मागे धावण्याऐवजी दोरीच्या टोकावर पाय द्या.

बटण दाबून आत-बाहेर होणारी लीश या कामाला अजिबात वापरू नका. तिचा प्लॅस्टिकचा मुठीचा भाग हातातून निसटला की खडखडत कुत्र्याच्या मागे लागतो आणि तो जीव घेऊन पळतो. एका डॅशहंडला मी पाषाणच्या रस्त्यावर असा पळताना पाहिलं आहे. वाहनं थांबली म्हणून तो वाचला.

दाट ग्लिरिसिडियात दोरी दर मिनिटाला अडकते, तेव्हा उघडा माळ निवडा. समोरून सकाळचे फिरणारे, सायकलवाले, लहान मुलं दिसली की आधीच दोरी आवरून घ्या. आजी-आजोबांच्या पायात दोरी येऊन कुणी पडलं तर त्यात कुत्र्याची चूक नसते.

दोरीवर असताना त्याच्या नाकाला कामही द्या. घरातल्या एकाने जुन्या मोज्यात कलेजी घालून तो मोजा गवतातून पन्नास-साठ पावलं ओढत न्यायचा, एक-दोन वळणं घ्यायची, शेवटी डबा ठेवायचा. दहा मिनिटांनी कुत्र्याला सुरुवातीच्या जागी आणून "शोध" म्हणायचं आणि दोरी सैल धरून त्याच्यामागे चालायचं. सुरुवात सरळ रेषेने, मग वळणं, मग मधे पायवाट ओलांडणारा माग. असा अर्धा तास माग काढलेला बीगल घरी येऊन जो झोपतो, तो दोन तास चालवलेलाही झोपत नाही. जी गोष्ट तो आपल्याला सोडून करायला जातो, ती आता तो आपल्याबरोबर करतो. हाकेवर याचा परिणाम हळूहळू दिसतो, पण दिसतो.

"पण आमचा दरवेळी परत येतो"

टेकडीवरच्या एका काकांशी माझं हे बोलणं अनेकदा झालं आहे.

"काका, तो खाणीच्या कडेला गेलाय बघा."

"येतो गं. इतकी वर्षं येतोय, आज काय नवीन?"

"अहो, पण परवा तिकडची चार-पाच कुत्री एकाच्या अंगावर गेली होती."

"त्याला वाट माहितीये."

वाट त्याला माहीत असते, यात शंका नाही. वाटेवर काय आहे ते माहीत नसतं. वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणीचे कडे सरळ तुटलेले आहेत, आणि नाक खाली असलेला कुत्रा समोर बघत नाही. बीगलची उंची जेमतेम ३३ ते ४० सेंटीमीटर. सप्टेंबरच्या गवतात त्याला ना कडा दिसतो ना तुम्ही. टेकडी एका बाजूला पौड रस्त्याकडे उतरते, दुसऱ्या बाजूला सेनापती बापट रस्त्याकडे, तिसरीकडे पाषाणकडे. मागाला शहराची हद्द कळत नाही. टेकडीवरच्या भटक्या कुत्र्यांचे आपापले इलाखे ठरलेले असतात आणि आवाज करत घुसणाऱ्या परक्याला ती सोडत नाहीत. घोणस तापल्या दगडांत आणि गवतात पडून असते, तिची जागा हुंगायला गेलेल्या नाकाला ती आधी सूचना देईलच असं नाही. मुळशी, सिंहगडाच्या बाजूला गेलात तर बिबट्याही आहे, आणि कुत्रा हे त्याचं नेहमीचं भक्ष्य.

आणि या टेकड्या एकट्या आपल्या नाहीत. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते, लांडोर पावसाळ्यात झुडपाखाली. बीगलने त्यांना धरलं नाही तरी दर सकाळी घरट्यावरून उठवलं की अंडी उघडी पडतात. मोर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. माणसांबाबतही कायदा स्पष्ट आहे: आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून इतरांना धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कुत्रा चावलाच पाहिजे असं नाही. महापालिकेचा परवाना आणि रेबीजची लस हे तर लीशवरच्या कुत्र्यालाही लागतंच.

विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्याबद्दल विचारणा होते म्हणून लिहिते: घेऊ नका. मागावर तापलेल्या कुत्र्याला थांबवायला जेवढा झटका लागतो, तेवढा द्यावा असं मला कधीही वाटणार नाही. शिवाय त्या वेदनेची सांगड तो त्या क्षणी समोर जे असेल त्याच्याशी घालतो. समोर एखादं लहान मूल असलं तर?

मग मोकळं सोडायचं कुठे

कुंपणाच्या आत. शहराच्या कडेला कुत्र्यांसाठी तासावर भाड्याने मिळणारी मैदानं आता आहेत. बॉक्स क्रिकेटच्या टर्फवाल्यांना दुपारच्या रिकाम्या वेळेबद्दल विचारून पाहा, जाळी चारी बाजूंनी असते. ओळखीत कुणाचं फार्महाउस असेल तर तेही चालतं. आत सोडण्याआधी एकदा कुंपणाला चक्कर मारून खालची बाजू तपासा. बीगल उडी मारण्याआधी खणतो, आणि डॅशहंडला तर वीतभर फट पुष्कळ झाली. फाटकाला दुहेरी कडी.

पळालाच तर

हार्नेसची कडी तुटते, दोरी हातातून जाते, लिफ्टचं दार उघडतं. अशा वेळी मागे धावू नका. तुम्ही धावलात की तो शर्यत समजतो, आणि तुम्ही ती जागा सोडता. माग संपला की वासावरचा कुत्रा बरेचदा आपल्याच वासाच्या रेषेवरून मागे येतो, म्हणून जिथून सुटला तिथे एका माणसाने थांबायचंच. अंगातला टी-शर्ट किंवा त्याची सतरंजी तिथे टाका, म्हणजे थोडा वेळ हलावं लागलं तरी वास राहील. दुसऱ्याने टेकडीवरून रस्त्याला उतरणाऱ्या वाटांच्या तोंडाशी जायचं. गप्प राहून कान द्या. तो सूर पुढे पुढे सरकत असेल तर कुत्रा मागावर आहे. बराच वेळ एकाच जागेवरून येत असेल तर तो अडकलाय, दोरी खुंटात किंवा डॅशहंड असेल तर बिळात, तेव्हा मात्र तिकडे जा.

परिसरातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फोटो, सुटल्याची जागा, फोन नंबर टाका आणि ठळक लिहा: दिसला तर पकडायला धावू नका, फक्त कळवा. दोन वस्तूंबद्दल गैरसमज फार आहेत. मानेत बसवलेली मायक्रोचिप जागा सांगत नाही, ती पंधरा अंकी ओळख आहे, आणि डॉक्टरांकडचं यंत्र जवळ धरल्यावरच ती वाचता येते. एअरटॅग या अ‍ॅपलच्या वस्तू शोधायच्या चकतीला आसपास कुणाचा तरी आयफोन लागतो, त्यामुळे सकाळी गर्दीच्या पायवाटेवर तो उपयोगी, रात्री ओढ्यात नाही. सिमकार्डाचा जीपीएस ट्रॅकर दोन्हींपेक्षा बरा, फक्त तो चार्ज केलेला असायला हवा. आणि यांतलं काहीही असलं तरी हार्नेसवर ठळक आकड्यांत फोन नंबर शिवलेला असू द्या. पुण्यात हरवलेली कुत्री बहुतेक चहाच्या टपरीवरच्या किंवा सोसायटीच्या गेटवरच्या कुणीतरी नंबर बघून फोन केल्यामुळे घरी येतात.

अंधार पडला तरी सापडला नाही तर उजाडायच्या आधी पुन्हा त्याच जागी जा, रहदारी नसते आणि शिट्टी लांबवर जाते.

परत आला की एक शब्द रागाचा नको. खाऊ द्या, दोरी लावा, पाणी थोडं थोडं पाजा. मग तिथेच उजेडात तपासा: पंजांच्या बोटांमध्ये, कानांच्या आत, काखेत. कुसळ कातडीत शिरलं असेल किंवा कुत्रा एकसारखा डोकं झटकत असेल तर उपटत बसू नका, डॉक्टरांकडे न्या. तोंड, नाक किंवा पाय झपाट्याने सुजला, कुठून रक्त थांबत नसेल, तर सर्पदंश धरून चाला. घट्ट बांधू नका, चिरा देऊ नका, कुत्र्याला चालवू नका. उचलून गाडीत घाला आणि वाटेतूनच दवाखान्यात फोन करून प्रतिविष आहे का ते विचारा, नसेल तर कुठे आहे ते त्यांच्याकडूनच घ्या. गोचिड्या त्याच दिवशी काढा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, सुस्ती, जेवण सोडणं असं काही दिसलं तर रक्ततपासणी करून घ्या, आणि कुत्रा टेकडीवर भटकून आला होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.